कंटूर आप्पा

"तुमचा रक्तगट कोणता?"

रविवारी सकाळी साडेसातला दार उघडल्याउघडल्या कोणी हे विचारलं तर माणूस दचकेल. आमच्या दीपनगरात कोणी दचकत नाही. फार तर आतून बायको ओरडते, "बी पॉझिटिव्ह लिहा म्हणावं, मागच्या वर्षीच सांगितला होता." दारात आप्पा उभे असतात. हातात क्लिपबोर्ड, कानावर पेन्सिल, डोक्याला कानटोपी. दिवाळी झाली, तापीवरून गार वारा यायला लागला आणि आप्पांच्या सातपुडा स्वारीचं यंदाचं नियोजन सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ.

आप्पांना कॉलनीतली पोरं पाठीमागे 'कंटूर आप्पा' म्हणतात. आप्पांना ते ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. त्यांचं दुःख वेगळं आहे. पोरं कंटूर म्हणतात, पण कंटूर म्हणजे काय ते विचारत नाहीत. विचारलं तर आप्पा सांगायला तयार आहेत. पाऊण तास लागतो.

असा माणूस प्रत्येक कॉलनीत एक असतोच. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत असतो, वरणगावच्या फॅक्टरी इस्टेटीत असतो. कोणाची नर्मदा परिक्रमा कागदावर तयार असते, कोणाचं गावाकडचं घर, कोणाचं पोरीचं लग्न मांडवाच्या मापासकट. आमच्या आप्पांची एक सायकल सफर तयार आहे. डोंगराच्या धारेवरून, गिअरच्या सायकलने, पहाटे निघून संध्याकाळी परत. गेली सहा वर्षं ती तयार आहे.

दीपनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी भुसावळहून वरणगावच्या दिशेने हायवे धरावा. उजव्या-डाव्या हाताचा हिशेब करायची गरज नाही, चिमण्या आपोआप दिसतात. दोनशे दहा मेगावॅटचे जुने संच, मग पाचशेचे दोन, आता सहाशे साठचा. कूलिंग टॉवरमधून निघणारी वाफ पाहून पाव्हणे म्हणतात, "केवढा हा धूर!" आणि कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना दुरुस्त करतं, "धूर नाही काका, वाफ." इथं घड्याळ ए, बी आणि सी शिफ्टमध्ये चालतं. इथं वाळत घातलेला पांढरा शर्ट फार दिवस पांढरा राहत नाही. आणि इथं पावसाळ्यात दोन-तीन दिवस असे येतात की, रात्रभर पाऊस कोसळून सकाळी उघडतो, हवा धुतल्यासारखी होते आणि उत्तरेला, तापीच्या पलीकडे, सबंध क्षितिजभर निळा सातपुडा उभा राहतो. बाकीचे लोक त्या दिवशी भजी करतात. आप्पा गच्चीवर जातात.

गच्चीच्या कठड्यावर त्यांनी खिळे ठोकलेत. चांगले तीन-तीन इंची, ओळीने सात. जिन्याच्या तोंडाशी फरशीवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका आहे. त्या ठिपक्यावर उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि खिळ्याच्या टोकावरून बघायचं. पहिल्या खिळ्यावर एक सोंड, दुसऱ्यावर खिंड आणि तिसऱ्यावर 'ती धार'. पालच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशच्या हद्दीकडे झुकलेली. तिला नकाशात नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे. पण आप्पा तिच्याविषयी असं बोलतात की, ऐकणाऱ्याला वाटावं हे तिथं लहानाचे मोठे झाले. "पश्चिमेकडे तोंड करून निघायचं. डाव्या हाताला सगळं तापीचं खोरं. यावल-रावेरच्या केळीच्या बागा हिरव्या सतरंजीसारख्या. उजव्या हाताला डोंगरावर डोंगर. आणि मधून आपण! दोन्हीकडे उतार. हवा स्वच्छ असली तर तिथून आपली चिमणी दिसली पाहिजे."

"दिसते?" मी एकदा विचारलं.

"दिसली पाहिजे," आप्पा म्हणाले. "गणिताने दिसते."

उरलेल्या दिवसांत त्या खिळ्यांवर वहिनींची दोरी असते. तिसऱ्या खिळ्यावर बहुधा टॉवेल.

आप्पांची नोकरी काय, हे सांगितल्याशिवाय त्यांच्यावर अन्याय होईल. ते प्लॅनिंगमध्ये आहेत. संच देखभालीसाठी बंद केला की, कोणी कधी कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, कुठली पाइप कधी कापायची, मचाण कधी बांधायचं, वेल्डर कधी बोलवायचे याचा तक्ता आप्पांच्या हातचा. भिंतभर असतो. त्या तक्त्याबरहुकूम बॉयलर थंड होतो आणि त्या तक्त्याबरहुकूम पुन्हा पेटतो. मी स्टोअरमध्ये असल्यामुळे मला माहीत आहे, आप्पांच्या यादीत जेवढे बोल्ट लिहिलेले असतात तेवढेच लागतात. एकही शिल्लक नाही, एकही कमी नाही. मग हाच माणूस पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पालला सायकलने का पोचत नाही? मी खूप विचार केला. मला वाटतं, संच बंद असला की, लोड डिस्पॅचकडून सारखा फोन येतो, "कधी येतोय युनिट?" सातपुड्याकडून तसा फोन येत नाही.

आता सायकल. खरं तर आप्पांकडे दोन सायकली आहेत. एक काळी, चोवीस नंबरची, घोड्यासारखी उंच, मागे कॅरिअर, त्याला रबरी पट्टा. तिच्यावरून ते रोज कामाच्या गेटपर्यंत जातात-येतात, दळण आणतात, गॅसची टाकी आणतात आणि एकदा त्यांनी तिच्यावरून शिलाई मशीन आणलेलं मी स्वतः पाहिलंय. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी एका बैठकीत कागदावर हिशेब मांडला. जाऊन-येऊन रोजचे चार किलोमीटर, वर्षाचे दोनशे नव्वद दिवस, नोकरी सव्वीस वर्षं. तीस हजार किलोमीटर झाले. सर म्हणाले, "आप्पा, पृथ्वीचा घेर चाळीस हजार. तुमची पाऊण पृथ्वी झाली की!"

आप्पांनी तो कागद बाजूला सारला. "त्यात एलेव्हेशन शून्य आहे, सर."

दुसरी सायकल दिवाणखान्यात आहे. स्टँडवर. एकोणतीस इंची चाकं, सत्तावीस गिअर, पुढे शंभर मिलिमीटरचा शॉक, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. तिच्यावर जुनी गुलाबी चादर असते आणि पाव्हणे आले की, आप्पा ती चादर अनावरण केल्यासारखी ओढतात. ही सायकल पुण्याहून घेतली. तिने आजवर केलेला सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे पुणे ते भुसावळ, महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या ब्रेकव्हॅनमधून. तिची चेन दर पंधरा दिवसांनी धुतली जाते, तिला थेंब-थेंब तेल मिळतं, तिच्या टायरातली हवा गेजने मोजली जाते आणि सकाळी पूजा झाली की, हँडलला एक फूल. वहिनी म्हणतात, "घरात मला सोडून सगळ्यांचं मेंटेनन्स होतं."

सफरीची समिती चौघांची आहे. अध्यक्ष आप्पा. मी सदस्य, कारण मी खालच्या मजल्यावर राहतो आणि पळून जाऊ शकत नाही. ड्रॉइंगचे सर सदस्य; त्यांच्याकडे लेकीची फिकट जांभळी सायकल आहे, पुढे टोपली असलेली, आणि ती टोपली काढायची की नाही यावर दोन बैठका झाल्या आहेत. चौथे बँकेतले नाना. त्यांच्याकडे सायकलच नाही. पण बैठकीला पोहे असतात.

बैठक आप्पांच्या हॉलमध्ये, जमिनीवर. मधोमध नकाशा. सर्वे ऑफ इंडियाचा, पन्नास हजाराला एक या प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे डोंगरावरचा एक किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेषा. या रेषा म्हणजेच ते कंटूर. रेषा लांब-लांब असल्या की, माळ, जवळ-जवळ आल्या की चढ, एकमेकींना चिकटल्या की कडा. सरांनी नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हा सातपुड्याने अंगठा उठवलाय." आप्पांचे डोळे भरून आले होते. मी शपथेवर सांगतो.

त्या अंगठ्यावर आप्पांनी पेन्सिलने आपली वाट आखली आहे. इतक्यांदा खोडून, इतक्यांदा आखून की, तिथला कागद फडक्यासारखा मऊ झालाय. धारेवर वाट आहे हे त्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रावरून ताडलं. आधी वाटलं, गुरांची असेल. मग त्यांनी महिनामहिन्याची छायाचित्रं लावून पाहिली आणि ठरवलं की, ही वनखात्याची जाळरेषा. वणवा पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत जाळून मोकळा पट्टा काढतात, ती. "म्हणजे फेब्रुवारीच्या आत गेलो तर गवत, फेब्रुवारीनंतर गेलो तर राख."

"राख इथं कमी आहे का?" नाना पोहे खाता-खाता म्हणाले.

तर, जायचं कधी? हा विषय आप्पा वर्षाच्या बारा महिन्यांवरून चालत-चालत सोडवतात. जून-जुलैत काळी माती चाकाला अशी धरते की, सायकल ढकलायचं सोडा, उचलूनही वजन पेलत नाही. ऑगस्टमध्ये नाले भरलेले. सप्टेंबरात गणपती, गौरी, पितृपक्ष. ऑक्टोबरला उन्हाचा दुसरा मोसम. नोव्हेंबरात दिवाळी आणि पाव्हणे. डिसेंबर उत्तम, पण डिसेंबरात सगळ्यांच्या रजा संपवायच्या असतात म्हणून कोणालाच रजा मिळत नाही. जानेवारी उत्तमातला उत्तम, पण संक्रांत, हळदीकुंकू, शाळेचं गॅदरिंग. फेब्रुवारीत बारावी. मार्चला नाना बँकेतून हलू शकत नाहीत, आणि नाना नसतील तर कोरम होत नाही. एप्रिल-मे बद्दल बोलायलाच नको. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आम्ही कूलरपासून माठापर्यंत सफर करतो, तीही दुपारी टाळतो. असं करत बारा महिने संपतात आणि हाती उरतात जानेवारीतले दोन रविवार. त्यांपैकी एका रविवारी आप्पांना बी शिफ्टला बोलावणं येतं. दुसऱ्या रविवारी कोणाचं तरी लग्न. खान्देशात लग्न म्हणजे नुसता आहेर देऊन सुटका नसते, आदल्या रात्रीपासून वरण-बट्टीच्या पंगतीत वाढायला उभं राहावं लागतं.

सामानाची यादी मी स्वतः पाहिली आहे. चौसष्ट नग. रिव्हिजन अकरा. पंप, दोन टायर-लिव्हर, तीन ट्यूब, चेन तोडायचं यंत्र, चेन जोडायची कडी, दोर तीस मीटर, शिट्ट्या चार, लिंबं सहा, मीठ, गूळ, सातूचं पीठ, खाकरे. काट्यांवर तर वेगळं पान आहे. आमच्याकडच्या रस्त्यावर बाभळीचा काटा हा पोलिसांपेक्षा जास्त वाहनं थांबवतो, आणि त्यातून सुटलात तर सराटे. म्हणून आप्पांनी ट्यूबलेस टायर बसवले, आत चिकट दूध भरलं. काटा शिरला की, ते दूध भोकात येऊन गोठतं आणि हवा थांबते. त्याची चाचणी म्हणून त्यांनी अंगणात बाभळीची फांदी अंथरून तिच्यावरून सायकल नेली. टायर टिकला. पुढचे दोन दिवस वहिनींच्या पायातले काटे निघत होते.

या टायरांमुळे आप्पांचा आणि हायवेवरच्या सायकलवाल्या चाचांचा वाद आहे. चाचा चाळीस वर्षं पंक्चर काढतात. ज्या चाकात ट्यूब नाही त्याला ते चाक मानत नाहीत. आप्पा मात्र दर महिन्याला तिथं जाऊन बसतात आणि त्यांना डोंगरी सायकलीचा इतिहास ऐकवतात. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या अंगाला मरीन नावाची काउंटी आहे. तिथल्या काही उनाड पोरांनी सत्तरच्या दशकात भंगारातल्या जुन्या जाडजूड सायकली काढल्या आणि डोंगरावरून सुसाट खाली सोडल्या. १९७६ साली त्यांनी त्याची शर्यतच लावली. सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये; पॅडल उलटं दाबलं की लागणारा. उतरता-उतरता तो इतका तापायचा की, हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव 'रिपॅक'. त्यातूनच पुढे गॅरी फिशर, जो ब्रीझ वगैरे मंडळींनी डोंगरासाठी खास सायकली बनवल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पान्हा खाली ठेवून विचारलं, "ब्रेक जळतो हे कळलं होतं, तर उतारावर गेलेच कशाला?"

आप्पांना उत्तर सुचलं नाही. घरी येताना मला म्हणाले, "प्लॅनिंग नव्हतं त्यांचं. नाहीतर हब आधीच बदलले असते." मी मनात म्हटलं, मग ते अजून मरीनमध्येच बैठक घेत बसले असते.

आमच्याकडे इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं आहेत, सुट्टीत घरी येतात. गेल्या हिवाळ्यात रात्री दहाला एकाने दुसऱ्याला मोबाइलवर लिहिलं, "उद्या पाल?" त्याने उत्तर दिलं, "हाव." झालं नियोजन. पहाटे गेले, दुपारी दोनला परत. एक तर चपला घालून गेला होता. आप्पांनी त्यांना बोलावून चहा दिला आणि चौकशी सुरू केली. खिरोद्याच्या पुढे घाटात किती टक्के चढ लागला? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "चढ होता, आप्पा." सरासरी वेग? "कधी फास्ट, कधी उतरून चाललो." पाणी किती लिटर लागलं? "तिथल्या हापशावर प्यायलो." वर काय पाहिलं? यावर ती पोरं एकदम फुलली. माकडं पाहिली, धरण पाहिलं, सागाच्या पानावर कोणीतरी दिलेली बोरं खाल्ली, येताना एकाची चेन तुटली म्हणून फैजपूरपर्यंत ट्रॅक्टरला धरून आले. आप्पांनी ते सगळं लिहून घेतलं. शेवटी वहीत खाली शेरा मारला: 'माहिती अपुरी.'

आम्ही कधी निघालोच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. दोन हिवाळ्यांपूर्वी निघालो होतो. पहाटे पावणेसहाला, चौघं. नाना भाड्याच्या सायकलवर. तापीच्या पुलावर धुकं असं होतं की, पुढच्या सरांची जांभळी टोपली तेवढी दिसत होती. आप्पांच्या कपाळावर दिवा, पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात; मागून पाहिलं तर ऑक्सिजनवर ठेवलेला माणूस सायकल चालवतोय असं वाटावं. तक्त्यात लिहिलं होतं: फैजपूर, सव्वासात, थांबा पंधरा मिनिटं, १९३६च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा पाहणे. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष होते, हे आप्पांनी आम्हाला पुलावरच सांगितलं. नाना धापा टाकत म्हणाले, "भो आप्पा, लोकांनी तवा बैलगाड्या जोडून फैजपूर गाठलं. आपण बी आज गाठू."

नाही गाठलं. अकलूद गेलं, पाडळसं गेलं आणि बामणोद आलं.

आता खान्देशाबाहेरच्या वाचकाला बामणोद म्हणजे काय ते कसं सांगावं? भरिताचं वांगं हे बामणोदचं. हिरवट-पांढरं, वीतभर लांब, आत बी जवळजवळ नाहीच. थंडीच्या दिवसांत सकाळी तिथल्या मळ्यातून जो धूर येतो तो कपाशीच्या काड्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा असतो, आणि त्या धुराला ओलांडून पुढे गेलेला सायकलवाला मी अजून पाहिला नाही. रस्त्याकडेच्या एका मळ्यात पार्टीची तयारी चालली होती. नानांनी ब्रेक दाबला. मावशींनी विचारलंसुद्धा नाही, कोण, कुठले. म्हणाल्या, "बसा ना भो, वांगे भाजी राह्यले."

मग आम्ही बसलो. सोललेली वांगी लाकडी बडजीत पडली, वर मुसळीचे ठोके. हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच ठेचलेला. कढईत तेल तापलं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पातीचा कांदा, आणि त्यावर ते वांगं पडल्यावर जो आवाज झाला तो ऐकून सरांनी डोळे मिटले. सोबत कळण्याची भाकरी. आप्पा पहिली दहा मिनिटं घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी पाठीवरची पाण्याची पिशवी उतरवली. मग कपाळावरचा दिवा काढला. तिसऱ्या भाकरीला त्यांनी तक्ता घडी करून खिशात घातला आणि मावशींना विचारलं, "वांगं भाजायला नेमका किती वेळ लागतो?"

साडेअकराला आम्ही परत फिरलो. पंचवीस किलोमीटरही झाले नव्हते. इतिवृत्तात आप्पांनी लिहिलं: 'पहिला टप्पा यशस्वी.'

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आप्पा, सायकली टेम्पोत टाका, पालपर्यंत गाडीने जाऊ, ती धार निदान पायथ्यापासून पाहू. आप्पांना हे अजिबात मान्य नव्हतं. शेवटी तक्त्यात त्याला 'रेकी' असं नाव दिल्यावर ते तयार झाले. फेब्रुवारीतला एक रविवार, छोटा हत्ती, मागे चार सायकली दोरीने बांधलेल्या आणि सायकलींमध्ये नाना. बामणोदला मी ड्रायव्हरला काच वर करायला सांगितली.

खिरोदा सोडलं की, जमीन हळूहळू वर उचलते. केळी संपतात, साग लागतो, पानगळ झालेला अंजन लागतो, पांढऱ्या बुंध्याची सालई उघडीवाघडी उभी दिसते. आप्पा एकदम गप्प झाले. खिडकीला नाक लावून ते बाहेर बघत होते आणि ओठातल्या ओठात आकडे म्हणत होते. प्रत्येक वळणाआधी ते हात उचलून दाखवायचे, आता डावीकडे, आता नाला, आता चढ. वळण यायचं. नाला यायचा. ड्रायव्हर म्हणाला, "काका इकडचेच का?"

पालला तपासणी नाक्यावर एक वनरक्षक भेटला. तरुण मुलगा, खाकी कपडे, हातात काठी. आप्पांनी टेम्पोच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि धारेकडे जायची वाट विचारली. तो म्हणाला, साहेब, हे यावल अभयारण्य आहे, पायवाटेवर सायकल नेता यायची नाही. १९६९पासूनचं अभयारण्य, १७७ चौरस किलोमीटर, वगैरे आप्पांना पाठच होतं. त्यांनी मान डोलावली आणि नकाशावर बोट ठेवून विचारलं, "या नाल्याला आता पाणी आहे?"

"आटला."

"पण या वळणाखाली असेल. इथं दोन्हीकडून रेषा जवळ आल्यात. सावली राहत असेल दुपारी."

तो मुलगा वाकला. बराच वेळ बघत राहिला. "तिथं डोह आहे साहेब. मे महिन्यापर्यंत असतो. अस्वलं येतात." मग त्याने नकाशा आपल्याकडे फिरवून घेतला, आणि पुढचा अर्धा तास दोघं त्या मऊ पडलेल्या कागदावर वाकून बोलत होते. इथं गुहा आहे का? आहे. ही वाट मध्येच तुटते का? हो, दरड आली त्या वर्षापासून. हा उंचवटा? त्याला आम्ही अमुक म्हणतो. आप्पा कानावरची पेन्सिल काढून एकेक नाव लिहीत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या आकड्यांना नावं मिळत होती. शेवटी त्याने मोबाइलवर नकाशाचा फोटो काढला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही किती वर्षं होते इथं?"

"पहिल्यांदाच आलो," आप्पा म्हणाले.

निघताना त्यांनी, आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत, तो प्रश्न विचारलाच. धारेवरून दीपनगरची चिमणी दिसते का?

"दिवसा नाही सांगता येणार," मुलगा म्हणाला. "रात्री गस्तीला वर असलो आणि हवा साफ असली तर लाल दिवे दिसतात. लुकलुकतात. आम्ही त्यावरून दिशा धरतो."

आप्पांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. आम्हाला वाटलं, आता हा माणूस रडतो. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "तुम्हाला जायचंच असेल तर लेखी परवानगी काढा. अर्ज करावा लागेल."

आप्पांचा चेहरा उजळला. "लेखी? कोणाच्या नावे? विहित नमुना आहे का? किती प्रतींत?"

परतीच्या वाटेवर सायकली टेम्पोतच होत्या. त्या खाली उतरवायच्या राहून गेल्या, हे सावद्याजवळ नानांच्या लक्षात आलं. कोणी काही बोललं नाही.

त्या अर्जाचा मसुदा आता पाचव्या रिव्हिजनला आहे. जोडपत्रं नऊ. सायकलींची छायाचित्रं सरांनी काढली आहेत, त्यात टोपली नाही. गच्चीवर आठवा खिळा लागला आहे, डोहासाठी. काळी सायकल रोज गेटपर्यंत जाते-येते. ड्रॉइंगच्या सरांच्या हिशेबाने ती आता एकतीस हजाराला टेकली.

यंदाची पहिली बैठक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला आप्पांच्या हॉलमध्ये आहे. जागा दोन शिल्लक आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी रक्तगट आणि दोन फोटो घेऊन यावं. पोहे आहेत. गच्चीवरून धार पाहायची असेल तर पाहावी, पण तिसऱ्या खिळ्यावर टॉवेल असला तर तो परस्पर काढू नये, आधी वहिनींना विचारावं.